पुतणीच्या निधनाचे पत्रक

प्रिय रादिवोय,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला उतार असावा आणि सौ. यासेन्काचा रक्तदाब काबूत असावा, असे धरून चालतो.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : तुझी लेक ग्रोझ्दाना तुमच्या नोवी साद शहरापेक्षा माझ्या घरी अधिक सुरक्षित आहे, सबब तिला न्यायला गाडी घेऊन येण्याचे तुला कारण नाही.

वस्तुस्थिती अशी. बांधकामावरच्या परदेशी मजुरांचे पासपोर्ट मुकादमाने काढून घेतले. त्यांच्या जबान्या ग्रोझ्दानाने गोळा केल्या. गुरुवारी त्या न्यायालयात मांडायच्या होत्या. सोमवारी सकाळी गल्लीतल्या प्रत्येक खांबावर तिच्याच निधनाचे पत्रक झळकले : काळी चौकट, फोटो, अंत्यविधी गुरुवारी. धमकी उघड होती. (तिच्यावर माहितीपट करणारी क्सेनिया महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा रोखून बसली आहे. तोवर तिच्या हाती लागले होते ते माझे कांदे चिरणे.)

दुपारी अख्खी गल्ली काळ्या कपड्यांत, कॉफी, साखर आणि रकियाच्या दारूची बाटली घेऊन दारात हजर. शेजारच्या विदोसावाबाईंनी मृतात्म्यासाठी रकियाचे थेंब उंबऱ्यावर सांडले, आणि दार उघडले खुद्द ग्रोझ्दानाने.

"अगं भवाने, तू जिवंत?"

"हो मावशी. माफ करा."

"माफ करा म्हणे! सकाळपासून रडतेय मी, डोळे बघ! आता ही साखर परत नेऊ?"

"ठेवा की. गुरुवारी लागेल."

सगळे हसले, विदोसावाबाई हसल्या नाहीत. "मरणाची थट्टा करतात मेले! गुरुवारचं बोलावणं आहे ना? मग येणारच आम्ही."

आणि आले. सत्तावीस माणसे काळ्या कपड्यांत तिच्या मागून न्यायालयापर्यंत चालली. फाटकाशी मुकादमाचे दोन धटिंगण टोप्या डोळ्यांवर ओढून उभे होते. पण अंत्ययात्रा दिसली की टोपी काढायची, हे आपल्याकडे आईच्या दुधातून येते. दोघांनीही टोप्या काढल्या. क्सेनियाने दोन्ही चेहरे निवांत टिपले. जबान्या नोंदल्या गेल्या, पासपोर्ट परत करण्याचा हुकूम झाला, आणि संध्याकाळी त्याच साखरेची कॉफी सर्वांनी आनंदाने घेतली. जिच्यामागे गल्ली चालते आणि जिच्यावर कॅमेरा आहे, तिला हात लावणे अवघड. ग्रोझ्दानाला हे दोन्ही माझ्याच घरी लाभते. सिद्ध झाले.

तुझा,
तिहोमिर

ता.क. मंगळवारी खिडकीची एक काच फुटली होती. नवी बसवली आहे, जाड.

पुन्हा ता.क. तुझे पत्र आल्यापासून तिने बॅग भरून दाराशी ठेवली आहे. पुढची सुनावणी महिन्याने आहे. माझा युक्तिवाद ती ऐकत नाही. तू 'राहा' एवढा एक शब्द लिहिलास तर बॅग रिकामी करील. लिही.

आणखी एक. गल्ली फसली कशी, असे तू विचारशीलच. सोमवारी सकाळी पाव आणायला जाताना पत्रकात तिचे वय चौतीस छापलेले दिसले. ती तेहतीसची आहे. धमकीतही वय तरी बरोबर असावे, म्हणून प्रत्येक खांबावर मी ते लाल शाईने दुरुस्त केले आणि सवयीप्रमाणे खाली सही केली. घरच्या वडीलधाऱ्याची सही पाहिल्यावर शंका कोण घेणार? ही चूक माझी, आणि ती मला मान्य आहे.

— तिहोमिर, तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक