बारा वाजेपर्यंत कोणी काही बोललं नाही तर

प्रिय मनीमाऊ,

शाळेत आम्हाला पत्रं शिकवली ती सगळी 'रिस्पेक्टेड सर'वाली, त्यामुळे हे कसं जमतंय ते तूच बघ. फोन करणार होते, पण फोनवर माझा रेडिओ चालू होतो आणि मुद्दा सोडून बाकी सगळं ऐकवते, हे तुला माहितीये. म्हणून तर तुम्ही सगळे मला रेडिओ म्हणता. कागदावर निदान खोडता तरी येतं.

आधी बातम्या. मानवी हक्क परिषदेला सहा दिवस उरलेत. एकशे बारा देशांच्या पाट्या छापून झाल्या. खुर्च्या कुठल्या अक्षरापासून लावायच्या त्याची चिठ्ठी काढली, तर नेमके ते दोन देश शेजारी आले जे एकमेकांशी बोलत नाहीत. मोठ्या मॅडम म्हणाल्या, मध्ये कुंडी ठेवा. मग कुंडी किती उंच हवी यावर पाऊण तास मीटिंग. झाड मोठं असेल तर भिंत घातल्यासारखं दिसतं, छोटं असेल तर दोघं एकमेकांना दिसतात. शेवटी गुडघ्याएवढं झाड ठरलं. तू असतीस तर पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलून हे संपवलं असतंस, आणि मी परत जळले असते.

हो, जळते मी तुझ्यावर. आता लिहिलंच आहे तर खोडत नाही. आपण एकाच दिवशी जॉइन झालो, एकाच पेनने फॉर्म भरले, पेन माझं होतं. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीसही कलमं मला सातवीपासून पाठ, वक्तृत्व स्पर्धेत कप मिळालेला. तुला तर पहिल्या दिवशी माइक कुठे चालू करायचा ते माहीत नव्हतं. आणि तरी आठ महिन्यांत काय झालं? मीटिंगमध्ये मी चाळीस वाक्यं बोलायचे तेव्हा लोक चहा घ्यायला उठायचे. तू एक बोलायचीस आणि सगळे लिहून घ्यायचे. घरीही तेच. तू दोनदा जेवायला आलीस, तर आईने तुझ्यासोबतचा फोटो फ्रीजवर लावला. त्यासाठी माझं दहावीचं सर्टिफिकेट काढलं, कारण मॅग्नेट एकच होतं. बाबा म्हणाले, "ती ऐकून घेते गं." जसं काही मी घरात भोंगा लावून बसते.

पण सगळ्यात जास्त जळले ते त्या शाळेच्या बाईंवरून. आपल्याकडे सहा महिने एकच रड होती, उद्घाटनाला काय वेगळं करायचं. मी वीस कल्पना टाइप करून दिल्या. त्यात पांढरी कबुतरं होती. मॅडमनी फक्त विचारलं, नंतर हॉल कोण साफ करणार. आणि तू कुठल्यातरी अहवालाच्या तळटिपेतून एक प्राथमिक शाळेतली बाई शोधून आणलीस. खटला न चालवता चार वर्षं तुरुंगात ठेवलेली. कशासाठी, तर तिने मुलांना वर्गाचा मॉनिटर मतदानाने निवडायला लावला आणि एका मुलाने घरी जाऊन विचारलं, मग आपल्या देशाचा मोठा साहेब असा का नाही निवडत. तू म्हणालीस, आधी ही बोलेल, पाच मिनिटं, मग मंत्री. तीन आठवडे मॅडमच्या मागे लागून तू ते पास करून घेतलंस. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. इतकं साधं मला का नाही सुचलं?

मग तो सोमवार. मॅडम सांगणार होत्या की हॉलमध्ये त्यांच्या मागच्या खुर्चीवर, लाल फितीचा पास लावून, आपल्यातलं कोण बसणार. मी त्या दिवशी इस्त्रीचं जॅकेट घालून आले होते, तू विचारलंस पण, आज काय विशेष. मॅडमनी तुझं नाव घेतलं. अर्ध्या तासाने तू वक्त्यांची यादी आणि पिवळी स्लिप घेऊन माझ्या टेबलावर आलीस. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या स्लिपवर दोन सह्या लागतात, बनवला कोणी आणि वाचला कोणी. तू म्हणालीस, "रेडिओ, एकदा नीट वाच ना. माझं डोकं चालत नाहीये." मी वाचली, सही केली, आणि यादी सगळ्या देशांना गेली.

पुढचं तुला माहितीये, पण मला लिहू दे. नियम असा की गुरुवारी दुपारी बारापर्यंत कोणी आक्षेप घेतला नाही तर यादी मंजूर. गप्प बसला म्हणजे हो म्हणाला. बाराला वीस मिनिटं असताना बाईंच्या देशाचं पत्र आलं. प्रत्येक देशाला भाषण एकच, ते आमचे मंत्री करतील, मग आमच्या देशाच्या रकान्यात ही दुसरी व्यक्ती कोण? आणि बरोबरच होतं त्यांचं. बाई शिक्षक संघटनेतर्फे येत होत्या. अशा माणसाचा देशाचा रकाना रिकामा सोडायचा असतो, हे पाट्या छापून छापून मला झोपेतही सांगता येतं. तू घाईत तो भरलास. त्यांना आयतं कारण मिळालं, बाईंचं नाव कटलं.

मॅडमनी विचारलं, हे कोणाचं काम? तू म्हणालीस, "माझी चूक आहे." बस, एवढंच. दुसऱ्या सहीचं नावही काढलं नाहीस. तुला जुन्या फायलींच्या ऑफिसात पाठवलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि लाल पास मला मिळाला. मी तो घरी आणून आईला दाखवला. ती म्हणाली, छान, आणि तिला काय मिळालं? त्या रात्री मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू. दोष अंगावर घ्यायचा तर त्यातही तूच पहिली. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही?

बारा दिवस झाले मी तुझ्या खुर्चीत बसतेय. बाईंची पाटी टाकून द्यायला सांगितली होती, ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर फक्त नाव आणि संघटना. देश नाही. कारण ती मी छापली होती, मनीमाऊ, त्याच सोमवारी, तुझी यादी येण्याच्या तासभर आधी. म्हणजे कळतंय ना तुला? माझं लक्ष नव्हतं असं नाही. मी रकाना बघितला. पेन हातात होतं. एक रेघ मारायची होती. दिवसभर बडबड करणारी मी नेमकी तेव्हा गप्प बसले. वाटलं, हिचं एकदा तरी चुकू दे, सगळ्यांसमोर. बाईंचा विचार मनात आलाच नाही, शप्पत. चार वर्षं जिला बोलू दिलं नाही तिची पाच मिनिटं मी एका जॅकेटपायी घालवली.

आज सकाळी मी पिवळी स्लिप फायलीतून काढली आणि मॅडमसमोर ठेवली. सगळं सांगितलं, जॅकेटसकट. त्यांनी चष्मा काढून काचा पुसल्या आणि म्हणाल्या, "पास इथे ठेव." ऑफिसने स्वतःहून चूक लेखी मान्य केली तर यादी दुरुस्त करून परत फिरवता येते, तसा नियम आहे. दहा वाजता ती गेली, बाईंचं नाव पहिलं, रकाना रिकामा. उद्या बाराची मुदत. तो देश परत नाही म्हणू शकतो, पण आता आडोसा नाही, उघड लिहावं लागेल की आम्हाला हिचं तोंड बंद हवंय. लिहितील की नाही, माहीत नाही. मॅडम तुला दुपारी फोन करणार आहेत. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं, ड्रायव्हरकाका तिकडेच निघालेत. पाकिटात तुझा जुना लाल पास आहे, मॅडमनी तो परत चालू केलाय. मी परत पाट्यांच्या कामावर आहे, आणि खोटं कशाला बोलू, पास पाकिटात घालतानासुद्धा थोडी जळलेच. फक्त एक कर. आपल्या दोघींत तो बाराचा नियम लावू नकोस. तू काही बोलली नाहीस तर माफ केलंस असं मी समजणार नाही. शिव्या घालायच्या तर घाल, पण तू बोल, मी ऐकून घेईन.

तुझीच, पहिल्यांदाच आवाज बारीक केलेली,
रेडिओ