उरल्याची सुट्टी

माय, मी परत कामावर गेली. पाच महिने घरी बसून भिंती पाह्यल्या, पुरे झालं. डॉक्टरनं डाव्या बाजूचं काढून टाकलं, सुया टोचल्या, केस गेले, आता थोडे उगवून राहिले. बस, एवढंच. पण दफ्तरातले लोक मले सोडाले तयार नाही. गेटवरच सुरू झालं. तो नवा बाबू धावत आला, "अरे दीदी, आप क्यों आ गईं? आराम करतीं न!" मी म्हटलं, "आराम करून करून पाठ मोडली, सरक तिकडं." आत गेली तं माह्यासाठी खुर्ची, अन् खुर्चीवर उशी. उशी! तू गेल्यावर तुह्या जाग्यावर मले लावलं, तेव्हापासून मी रेकॉर्ड रूममधी खाली सतरंजीवर बसून फायलींचे बस्ते बांधते, अन् आता मी उशीवर बसू?

बसलीच नाही. एक बस्ता ओढला, लाल कपडा गुंडाळला, छातीशी दाबला अन् गाठ खेचली. तूच असं बांधायची. मी लहान असताना डबा घेऊन यायची तेव्हा पाहून पाहून शिकली. पण या बाजूले आता दाबाले काही नाही ना. बस्ता सरळ हाडावर आला अन् सटकला, साऱ्या फायली जमिनीवर. वरून मी ब्लाउजमधी कापडाची घडी ठेवली होती, ती वर सरकून गळ्याशी आली. बाबू पंख्याकडं पाहून राहिला, जसं काही त्यानं पंखा कधी पाह्यलाच नाही. मी तिथंच घडी खाली ढकलली. काय करू मंग?

बडेबाबू बोलले, "अब वजन नहीं उठाना. पुरानी सर्विस फाइलें छाँटो, बैठे-बैठे." रायपूर राजधानी झाल्यापासून दफ्तर वाढून राहिलं, आता नव्या इमारतीत जाचं आहे, जुनं नको ते फाडून टाकाचं. बसली छाटत. तिसऱ्या दिवशी तुह्यी फाईल हातात आली.

तुह्यी वाकडी सही मी लगेच ओळखली. वर हिंदीत अर्ज, कोण्या जुन्या बाबूच्या अक्षरात. तू बोलायची, तो लिहायचा, तू न वाचता सही करायची, हे मले माहीत होतं. लिहिलेलं काय, तं "प्रार्थिया को उरला में दिखाना है, अतः एक दिन का अवकाश देने की कृपा करें." एक नाही, चार अर्ज. चारही त्या शेवटच्या वर्षाचे. साऱ्यांवर स्वीकृत. मी पाहतच राहिली. उरल्यात काय दाखवाचं? तिथं लोखंडाचे कारखाने, ट्रक, धूळ. आपलं कोणी तिथं नाही. खरं सांगते, पहिला विचार वाईटच आला. बाबू डोकावून म्हणते, "क्या दीदी, अम्मा उरला में किसको दिखाने जाती थीं?" मी म्हटलं, "तुह्या आजोबाले. काम कर."

मंग मी ते तुह्या तोंडानं बोलून पाह्यलं. उराले दाखवाचं हाय. तू छाती कधी म्हटलंच नाही, तुले लाज वाटे, तू ऊर म्हणायची. तू म्हटलं उराले, त्या हिंदीवाल्याले ऐकू आलं उरला. अन् सायबानं तुले उरल्याची सुट्टी दिली, चार वेळा.

अन् मी दवाखान्यात काय सांगून आली? डॉक्टरनं विचारलं, घर में पहले किसी को था? मी छाती ठोकून सांगतलं, नाही, माय तं काविळीनं गेली. कावीळच झाली, असं तूच आम्हाले सांगतलं होतं. डॉक्टर बोलला, चलो, फिर बेटी की उतनी चिंता नहीं. माह्यी पोट्टी बंगलोरले आहे. तिची डिलिव्हरी होती, उगाच कटकट नको, म्हणून मी तिले पथरीचं, पोटातल्या खड्याचं ऑपरेशन सांगतलं होतं.

फाईल मांडीवरून खाली ठेवली. मंग उठून व्हरांड्यात गेली अन् तिले फोन लावला. "मम्मी? ऑफिस टाइम में? क्या हुआ?" मी हिंदीतच बोलली, कोणाले चुकीचं ऐकू यायले नको. "पथरी नहीं थी. छाती में गठान थी. काट दिए." पलीकडं लेकरू रडून राहिलं होतं. मंग ती ओरडली, "आप मुझसे झूठ कैसे बोल सकती हो?" मी म्हटलं, "बाद में लड़ना. कल जाके अपना दिखा. नानी को भी यही था."

"नानी को? किसी को पता नहीं था?"

"नहीं. किसी को बताया ही नहीं उसने," मी बोलली. ती उद्या जाते म्हणाली. जाईल, माह्यासारखी नाही ती.

पण माय, तू सांगतलं होतं. मी नवऱ्याघरून परत आली ते वर्ष, तुह्यं शेवटचं. सकाळी तू तव्यावर चिला टाकून राहिली होती, मी दारात चप्पल घालून उभी. तू म्हटलं, बाई, इकडं ये, इथं जरा हात लावून पाह्य. अन् मी म्हटलं, आता तुह्यं काही नवीन काढू नको, मले उशीर होऊन राहिला. तू चिला पलटवला. मी गेली निघून. कुठं जायची घाई होती ते आता आठवतही नाही.

हे मी पोट्टीले नाही सांगतलं. हा कागद कोणाले दाखवाचा नाही, अन् तुह्यापर्यंत तो पोचत नाही, म्हणूनच लिहून टाकलं.