कपाटावरचं जेवण

प्रिय जयराम,

आठ महिन्यांनी लिहितोय आणि लिहायला बसतानाच डोकं तापलंय, तेव्हा खुशालीचं नंतर बघू. काल माझ्या लेकीनं, सायलीनं, मला ‘बुफे’ शब्दाचा अर्थ सांगितला. फ्रेंच शब्द आहे म्हणे. मूळ अर्थ भिंतीशी ठेवलेलं भांड्यांचं कपाट. पुढे त्यावर पदार्थ मांडायला लागले, ज्याला जे हवं ते त्यानं उठून घ्यावं, आणि त्या जेवणालाच बुफे म्हणायला लागले. म्हणजे माणसाला पत्रिका देऊन वणीला बोलवायचं आणि सांगायचं, कपाट तिकडे आहे. धन्य आहे.

मला बुफे ठाऊक नव्हता असं समजू नकोस. नाशकात द्वारकेला दुकान आहे माझं, ओळखीपायी महिन्याला चार लग्नांना जातो. ताट घेऊन रांगेत उभा राहतो, जेवतो, निघतो. पण तुझ्या लेकाचं, समर्थचं लग्न त्या चारांतलं नव्हतं. तुझ्या लग्नात भर उन्हात मी पाच पंगती वाढल्या. शेवटी मी जेवायला बसलो, तेव्हा तू मुंडावळ्या सावरत माझ्या पत्रावळीशी आलास आणि नको नको म्हणताना बुंदी वाढत राहिलास. म्हणून समर्थच्या लग्नात मी खुर्चीवर बसून राहिलो. जयराम येईल, दंडाला धरून उठवेल. बारापासून चारपर्यंत बसलो. तू स्टेजवर, फोटोंत. आचाऱ्याची माणसं भांडी आवरायला लागली तसा उठलो आणि नाशिकची बस धरली. पोटात कावळे ओरडत होते.

त्यावर तू गावभर काय सांगितलंस? गोटीराम माझ्या मांडवातून न जेवता गेला, माझ्या अन्नाचा अपमान केला. चोराच्या उलट्या बोंबा. सायली म्हणते, चूक कोणाचीच नाही, या पद्धतीत कोणी कोणाला उठवायला येतच नाही. मला ते पटत नाही. पद्धत बाहेरची असेल, माणसं तर आपली होती. पण हेही खरं की स्टेज दहा पावलांवर होतं. भूक लागलीय एवढं म्हणालो असतो, तर तू फेटा सावरत खाली उतरला असतास. मी मुद्दाम आलो नाही. त्याचाच राग जास्त येतो मला.

येत्या वीस तारखेला सायलीचं लग्न आहे, नाशिकलाच. पत्रिका सोबत ठेवलीय. जेवण बुफेच, तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. पण मांडवाच्या कोपऱ्यात एक सतरंजी आणि दोन पत्रावळी मांडायला सांगितल्यात. एक तुझी. तू आल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि उठून त्या कपाटाकडेही जाणार नाही. मुलीच्या बापाला उपाशी ठेवायचं की नाही, ते तू ठरव.

अजून रागावलेला, पण तुझाच,
गोटीराम