कागदावर न आलेलं दुखणं

३ मार्च २००२, रविवार
संध्याकाळी दोन्ही मुलांचे फोन. आधी वैशाली, जर्मनीहून. नात महिन्याची झाली. सुईण घरी येऊन बाळाचं वजन करते, पैसे विमावाले देतात. जावयालाही रजा. मी म्हटलं, मग कारखाने चालवतं कोण? ती हसली नाही. "बाबा, निम्मा पगार कापून घेतात तो याचसाठी."
मग मिलिंद, न्यू जर्सी. जानेवारीत नोकरी गेली, दुसरी शोधतोय. जेवल्यावर पोटात उजवीकडे दुखतं म्हणाला. नोकरीबरोबर विमाही गेला, म्हणून डॉक्टरकडे जात नाही.
मि.चा नव्या गाडीसोबतचा फोटो आपल्या हॉलमध्ये आहे. वै.चा ट्रामजवळचा अल्बममध्येच राहिला. बायको हे अधूनमधून ऐकवते.

६ मार्च
कंपनीच्या बसमध्ये युनियनचे आहेर शेजारी. पुन्हा तोच वाद. सातपूरचा कारखाना येईपर्यंत मी बोलत होतो. शहाऐंशी साली जर्मनीत तीन महिने ट्रेनिंगला होतो, भोंगा झाला की हातातला पाना तिथेच ठेवून चालू पडणारी माणसं पाहिलीत. अमेरिका धावते, युरोप रजेवर असतो.
आहेर म्हणाले, "साहेब, धावणारा पडला तं त्याला उचलतं कोण?"
तंबाखू मळत म्हणाले, त्याचाच राग आला.

९ मार्च, शनि.
गंगापूर रोडला आपल्या डॉक्टरांकडे. मि.ला लहानपणापासून ओळखतात. त्याच्या वतीने तासभर रांगेत बसलो. डॉ.नी मलाच टेबलावर झोपवलं, उजव्या फासळीखाली बोटं रुतवली. "त्याला इथे दाबायला सांगा. श्वास घेताना अडकतं का विचारा."
संध्याकाळी फोन लावला. मि.ने दाबलं. तिकडून कण्हल्याचा आवाज आला. मग म्हणाला, हो, अडकतं.
डॉ.ना कळवलं. पित्ताशयात खडे असणार. सोनोग्राफी ताबडतोब, लांबवू नका.

१२ मार्च
मि.ला एका कंपनीकडून होकार येईलसं दिसतंय. एप्रिलच्या मध्याला रुजू. विमा त्यांचा. पण मित्राने सांगितलं, आजार आधीपासूनचा आहे असं कुठे नोंदलं गेलं तर नवे विमावाले हात वर करतात. "काय करू, बाबा?"
मी म्हटलं, थांब. कागदावर येऊ देऊ नकोस.
विचार करावा लागला नाही. अठरा वर्षं हेच सांगतोय. आमच्या टूलरूमच्या दारावर फळा आहे, 'अपघाताविना दिवस'. कोणाचं बोट कापलं तर नोंद नाही. पट्टी बांधायची आणि मशीनवर जायचं. शंभर दिवस भरले की पेढे. फोरमन मी, वाटतो मीच.

१९ मार्च
वै. फोनवर भडकली. "मागच्या वर्षी यांच्या कंपनीत त्याला घेत होते. तुम्हीच म्हणालात, निम्मा पगार सरकार खातं, काय ठेवलंय तिथे."
म्हणालो होतो. चारचौघांत म्हणालो होतो.

२४ मार्च
मि.ला ताप. शेजाऱ्यांची सून परवा अमेरिकेला निघतेय, तिच्याजवळ गोळ्या दिल्या. डॉ. द्यायला तयार नव्हते. "पोट न बघता किती दिवस गोळ्या देऊ?" मी गयावया केल्या. या वयात.

३० मार्च
गोळ्यांनी ताप उतरला. दुखणं आहेच. डोळे पिवळे वाटतात का, विचारलं. म्हणाला, बाथरूमचा दिवाच पिवळा आहे.
बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "तू घरी ये. नोकरी गेली खड्ड्यात." त्यालाही पटलं. तिथल्या हॉस्पिटलपेक्षा विमानाचं तिकीट स्वस्त, म्हणाला. ४ तारखेला निघतो, फ्रँकफुर्टमार्गे. इथे ऑपरेशन करून परत रुजू.
मी डॉ.ना सांगून ठेवलं. बरं वाटलं. नोंद नाशकात होईल, तिकडे नाही. हे मनात आलं, लिहून ठेवतो.

३ एप्रिल
ड्रिलवर एकाचा अंगठा गेला. फळ्यावर ९१. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टर मागवलं आणि लिहिलं. फळा पुसून शून्य केलं.
घरी जाताना आहेरांनी बसमध्ये माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

५ एप्रिल, शुक्र.
आज रजा. मि.ला आणायला मुंबईला जायचं म्हणून दुपारची गाडी ठरवली होती. अडीचला वै.चा फोन. फ्रँकफुर्टला उतरल्यावर मि. कोसळला. सणकून ताप, अंग पिवळं. ॲम्ब्युलन्सने नेलं. खिशात वै.चा नंबर सापडला, ती तासाभराच्या अंतरावर राहते, धावत गेली.
"पैसे?" मी विचारलं. पहिलं तेच तोंडात आलं.
"बिल येईल, बाबा. आत्ता कोणी विचारत नाहीये. दुसरंच विचारतायत. कधीपासून दुखतंय, ताप कधी आला, कुठल्या गोळ्या घेतल्या. त्याला बोलता येत नाही. कुठेच कागद नाहीत त्याचे. तुम्हाला आठवतंय का?"
ही वही काढली. एकेक तारीख वाचत गेलो, ती जर्मनमध्ये कोणाला तरी सांगत गेली. तीन मार्च, जेवल्यावर दुखणं. नऊ, दाबल्यावर श्वास अडकतो. बारा. तिथे थांबलो. मग तेही वाचलं, 'मी म्हटलं, थांब.'
मागे कोणीतरी काहीतरी विचारत होतं.
"हे नाही सांगत मी त्यांना," म्हणाली.
"सांग. लिहू दे त्यांना."
तिने सांगितलं की नाही, कळलं नाही. भाषा येत नाही. पुढच्या तारखा वाचल्या, गोळ्यांची नावं दोनदा सांगितली. तेवढ्यात त्याला ऑपरेशनला आत नेलं म्हणाली आणि फोन ठेवला.
ड्रायव्हर खाली येऊन थांबलाय. त्याला काय सांगावं कळत नाही. बायको फोनजवळ स्टूल घेऊन बसली आहे, माझ्याकडे पाठ करून.
सव्वापाच. अजून फोन नाही.