नोटीसरंग

१० फेब्रुवारी २०२६

नोटीस! पंधरा दिवसांत रंगाचं पाणी नाल्यात सोडणं बंद करा, नाहीतर वीज तोडू. प्रदूषणवाल्या मॅडम स्वतः येऊन बाटलीत नमुना घेऊन गेल्या. बाटली जांभळी.

बाबा तापले — "चाळीस वर्षांपासून सतरंजीचं सूत रंगवून राहिलो मी या अकोल्यात. नाला आत्ता दिसला काय याईले?"

म्हटलं, "दिसणार नाही तं काय! रोज वेगळ्या रंगाचा असते!"

वाहेदचाचा, आमचे रंगाचे उस्ताद, तोंडावर दुपट्टा धरून हसले. बाबा नाही.

१२ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, कारखाना बंद. "लय झालं. अकरा जणाईले सांगून टाक." मी कुणालाच सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी

पाणी शुद्ध करायचं यंत्र आपल्या आवाक्यातलं नाही. पण पाणी सोडलंच कमी तर? चाचांना विचारलं.

"बेटा, हौदातला रंग कुठं संपते? सूत निघते, अन् अर्धा रंग आपण फेकून देतो."

अर्धा! मी इथंच लहानाची मोठी झाले. कधी विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी

नवा क्रम. आधी पिवळं, मग लाल, मग काळं — त्याच पाण्यात. एका सुताचं शेवटचं धुवण पुढच्या सुताच्या पहिल्या धुण्याला. फजिती! लाल सूत भगवं निघालं. बाबा लांबूनच, "पाय, म्हटलं होतं ना."

२० फेब्रुवारी

लालचं प्रमाण वाढवलं अन् जमलं! नऊ हौद पाणी लागायचं, तिनात भागलं!! उरलेलं सगळं एका टाकीत — मातकट, राखट. त्याचं करायचं काय? चाचांनी त्यात मीठ घालून उकळलं आणि डागाळलेल्या सुताच्या लड्या बुडवल्या.

बाहेर आला तो रंग! नांगरलेल्या काळ्या रानावर सकाळचं ऊन पडावं तसा. बाबा उठून आले. लडी दोन्ही हातांत धरली.

"हा कोणता रंग म्हणा?"

"नोटीसरंग, मालक!" चाचा म्हणाले.

आज बाबा हसले. पार डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

२५ फेब्रुवारी

मॅडम आल्या. नाल्यात जाणाऱ्या पाइपात हात घालून पाहिला — कोरडा. "पाणी जातं कुठं?" मी नोटीसरंगाच्या सुताची विणून घेतलेली नवी सतरंजी अंथरली. त्या चप्पल काढून तिच्यावर बसल्या, सगळं लिहून घेतलं. वीज राहिली! अचानक येऊन पुन्हा तपासणार म्हणाल्या. या की!

१८ मार्च

अमरावतीच्या दुकानवाल्या शालूताईंचा फोन. तीनशे सतरंज्या हव्यात — सगळ्या नोटीसरंगातल्याच. दुसरा कोणताही चालणार नाही.

२२ मार्च

सांडपाणी कमी पडून राहिलं! बाबा ऑटोत दोन ड्रम टाकून पलीकडच्या रंगाऱ्याकडं उसनं मागायला गेले आहेत.