निळी तार

प्रिय छोट्या,

मागच्या भेटीत तू विचारलंस, गाडीतला नवा स्टिरिओ कसा वाजतो. तेव्हा वेळ संपली होती, आता सांगतो. जुन्याची बटणं अडकायला लागली म्हणून हौसेनं नवा आणला आणि स्वतःच बसवला. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलं, त्याला चार तारा जोडायला दुकानदार कशाला हवा, असा माझा तोरा. गाणी झकास वाजली. रेडिओची मोठी स्टेशनंही लागली. तुझी आई मात्र पहिल्यांदाच गाडी घेऊन गेली आणि तोंड पाडून परत आली. रेडिओ बिघडवून ठेवलात, म्हणाली. सगळं लागतंय की, असं मी म्हटल्यावर ताट सरकवून उठली.

तिला रेडिओचं एवढं काय, हे मला कळेना. तुझ्या खटल्याच्या निकालाच्या दिवशी तुला तुरुंगात नेल्यावर त्या मुलीची आई कोर्टाच्या जिन्यावर आमच्यासमोर उभी राहिली होती. नुसती आमच्याकडे बघत राहिली. तुझ्या आईनं तिथंच ठरवलं, माझ्या मुलानं दारू पिऊन हिच्या लेकीवर गाडी घातली, हिला लेकीचं तोंड दिसणार नाही, तर मीही माझ्या मुलाचं पाहणार नाही. म्हणून भेटीला मी एकटा येतो आणि तिच्या गुडघ्यांचं निमित्त सांगतो. तुला ते कधी पटलं नसणारच.

फारच मागे लागलो तेव्हा बोलली. दर गुरुवारी भाजी आणायला म्हणून निघते ती तुमच्या मागच्या भिंतीलगत, बंद पडलेल्या पेट्रोल पंपाशी गाडी लावते. तुमच्या तुरुंगाचा रेडिओ जेमतेम तिथवरच ऐकू येतो. त्या दिवशी त्यावर तू सूचना आणि निरोप वाचतोस, ते सगळं ती ऐकते. कोणाची चादर हरवली, स्वयंपाकघरात कोणाची पाळी, कोणी घरी काय निरोप दिलाय. मध्यंतरी थंडी नसताना मी तुला मफलर का आणला, ते आता समजलं असेल. तुझा खोकला तिनं ऐकला होता. तोंड पाहणार नाही म्हणाले होते, ऐकणार नाही असं नव्हते म्हणाले, असं वर मलाच दरडावलं.

मग मी हात धुऊन त्या रेडिओच्या मागे लागलो. एरियलची काडी बदलली, प्लग काढून पुन्हा घट्ट बसवला, तुमच्या तुरुंगाच्या प्रक्षेपणाच्या मशीनलाही शिव्या दिल्या. पंपाशी खरखर ती खरखरच. शेवटी स्टिरिओ परत बाहेर ओढला. आमच्या धंद्यातली खोड अशी, की ज्या तारेला जोडी सापडत नाही तिच्या टोकाला टेप गुंडाळायचा आणि मागे दाबून टाकायची. एक निळी तार मी तशीच गप्प बसवली होती. टपावरच्या एरियलपाशी बारीक आवाज उचलणारी एक डबी असते, तिला वीज त्या तारेतूनच जायची. मोठ्या स्टेशनांचं तिच्यावाचून अडत नाही, तुमच्यासारख्या अशक्तांचं अडतं. तार जोडली, तिला घेऊन पंपाशी गेलो, तर तू चादरींबद्दल बोलत होतास. आई स्टिरिओवर हात ठेवून बसून राहिली.

तुला यातलं काही सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली आहे. ती मोडतोय, कारण तिचे गुडघे ठणठणीत आहेत, दुखणं पोटात आहे. डॉक्टरांनी उपचार थांबवले. आता थोडेच दिवस, म्हणाले. तुला घरी आणायची परवानगी मागू का, असं विचारलं तर तिनं नको म्हणून मान हलवली. तिचा शब्द मी तिला मोडायला लावणार नाही. येत्या गुरुवारी मागच्या सीटवर उशा लावून तिला पंपाशी आणतोय. पुढच्या गुरुवारचं कोणी सांगावं. रेडिओवर तिचं नाव घेऊ नकोस, नाहीतर मी सांगितलं हे तिला कळेल. रडू तर मुळीच नकोस. चादरी, पाळ्या, जे असेल ते वाच, फक्त सावकाश वाच. हे पत्र आधी तुरुंगाचे साहेब वाचतील, त्यांनाही हात जोडून विनंती आहे, त्या दिवशी वेळ संपली तरी पोराला थोडं जास्त वाचू द्या.

तुझाच, आणि तिचाही,
बाबा