दोघींची हजेरी

लातूर,
१४ जुलै

चि. राजेश्री हिस,
अ.उ.आ.

मी तुझ्यापेक्षा चारच महिन्यांनी मोठी आहे, पण आशीर्वाद द्यायचा हक्क सोडणार नाही. होस्टेलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या वॉर्डनबाईंनी मोबाइल काढून घेतला. रविवारी त्यांच्या फोनवरून घरी बोलू देतात, पण आईचं जेवलीस का आणि बाबांचं टेस्टमध्ये किती पडले एवढं होईपर्यंत मागची मुलगी फोनकडे हात पुढे करते. तेव्हा तुला पत्रच.

बालाजीमामांनी तुला चुडाव्याहून बारावीसाठी आमच्या घरी जिंतूरला ठेवलं हे बरं झालं, आईला सोबत झाली, असं मी सगळ्यांना सांगते. तुला म्हणून खरं सांगते, मला ते मुळीच आवडलेलं नाही. खिडकीजवळची कॉट माझी आहे. सायकलची सीट खाली घेऊ नकोस. वर्गात सत्यशीलाजवळ बस, नाहीतर तिथं कुणीही येऊन बसेल, पण तिच्याशी फार गट्टी करू नकोस. ती पाचवीपासून माझी मैत्रीण आहे.

आता कामाचं. बाबांनी तुला सांगितलंच असेल, माझं नाव शाळेतून काढलेलं नाही. नाव गावाकडे आणि शिकवणी लातूरला, असं इथल्या निम्म्या मुलींचं आहे. प्रॅक्टिकल आणि बोर्डाचे पेपर मी तिकडेच येऊन देणार. तोवर हजेरीत माझं नाव आलं की तू 'हजर' म्हणायचं. वर्गाच्या सरांना सगळं ठाऊक आहे, ते मान वर करत नाहीत. फक्त आवाज जरा बदल. तुझा आवाज घागरीतून आल्यासारखा आहे, माझा तसा नाही.

इथं माझ्या खोलीत वालूरची सुकेशनी आहे, ती झोपेत सूत्रं म्हणते. हे शेवटचं वर्ष आहे, याचं सोनं करून घ्या, असं इथले सर रोज बजावतात. मला तर वाटतं माझं शेवटचं वर्ष तिकडे शाळेतच राहिलंय आणि मी इथं नुसती सराव परीक्षा द्यायला आलेय. तिथं काय काय होतं ते सगळं कळव. आईची काळजी घे, पण फार नको.

माया आहेच, जरा रुसलेली आहे एवढंच.
तुझी थोरली बहीण,
निकिता

*

जिंतूर,
८ सप्टेंबर

ति. निकिताबाईसाहेब यांस,
शि.सा.न.वि.वि.

उत्तराला उशीर झाला, कारण इकडे लय घडामोडी झाल्या. आधी सांगते, कॉट तुझीच आहे, मी फक्त तिच्यावर झोपते. सायकलची सीट मात्र खाली घ्यावी लागली. देवानं मला तुझ्याइतके लांब पाय दिले नाहीत, तक्रार तिकडे करावी.

मानवतहून बदली होऊन दुधाटे सर आलेत, ते फिजिक्सला आहेत आणि वर्गही त्यांच्याकडेच आहे. हे सर मान वर करून हजेरी घेतात. पहिल्या दिवशी तुझं नाव आलं, मी आपली सवयीनं 'हजर' म्हणाले आणि त्यांनी चांगलं निरखून बघितलं. माझं नाव नवीन म्हणून यादीच्या शेवटी आहे. ते आलं तेव्हा मी खाली वाकून तोंडाला रुमाल लावला आणि घागरीतून बोलले. झालं, त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी निकिता. राजेश्री म्हणजे मागं बसणारी, सर्दी झालेली कुणीतरी.

पाच तारखेला स्वयंशासन दिन होता. बारावीची मुलं शिक्षक होणार आणि एकजण मुख्याध्यापक. दुधाटे सरांनी निवड करायची होती. वर्गात उत्तरं देते ती मुलगी म्हणून त्यांनी तुझं नाव घेतलं आणि बोट माझ्याकडे दाखवलं. चूक दुरुस्त करावी तर हजेरीचं बिंग फुटणार. सत्यशीलानं मला चिमटा काढला आणि मी उठले.

आत्यानं तिची नारायणपेठी नेसवून दिली, केसात अबोली माळली. मी मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसले, बेल दाबली, शिपाईकाकांनी चहा आणला. फळ्यावर रंगीत खडूनं 'आजच्या मुख्याध्यापिका' आणि खाली तुझं नाव. शेवटी भाषण केलं, ते बरं झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी पालकसभेत दुधाटे सर आत्याला म्हणाले की तुमची निकिता फार गुणाची आहे. आत्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हो म्हणाली, गुणाची आहेच.

तिकडे डास फार आहेत असं ऐकते. जपून राहावं.
मर्जी राहू द्यावी,
धाकटी राजेश्री

*

लातूर,
१५ सप्टेंबर

कु. राजेश्री हिस,
नमस्कार.

आज आशीर्वाद नाही. पत्र वाचलं आणि जेवायला गेले नाही. सुकेशनीनं पोळी आणून दिली, ती तशीच पडली आहे.

ती खुर्ची माझी होती. पाचवीत होते तेव्हापासून दर वर्षी बारावीतली एखादी ताई साडी नेसून त्या खुर्चीवर बसायची आणि मी खिडकीतून बघायचे. मी कशी बसणार, कोणत्या वर्गावर आधी जाणार, कोणाला उगाच छडी दाखवणार, सगळं सत्यशीलाला सांगून ठेवलेलं. तिला विचार. आणि ती तुला चिमटा काढून उठवते. आईची नारायणपेठी मला बारावीत नेसायची होती. आईनंच तसं कबूल केलेलं, तू कोण ती नेसणार?

तरी त्याचं एवढं नाही. आईचं आहे. सरांनी विचारलं तेव्हा ही माझी नव्हे, माझी लातूरला आहे, एवढं तिला म्हणता आलं नाही? तुझ्या पाठीवर हात ठेवून ती हो म्हणाली. दोन महिन्यांत तिला लेक बदलून मिळाली आणि तिचं काही अडलंही नाही. मला तुझा हेवा वाटतो, राजू. इतका वाटतो की वर्गात सर फळ्यावर गणित सोडवतात आणि मी तुला त्या खुर्चीवर बघत असते. काल टेस्टमध्ये खालून मोजावं असा नंबर आला.

उद्यापासून माझ्या नावाला हजर म्हणायचं नाही. गप्प बसायचं. लागू दे गैरहजेरी, बोलावू दे बाबांना शाळेत. मग मला घरी आणावंच लागेल. मला माझं वर्ष परत पाहिजे.

निकिता

*

जिंतूर,
२४ सप्टेंबर

कु. निकिता हिस,
नमस्कार.

तू आशीर्वाद काढून घेतलेस, मी साष्टांग काढून घेतला. फिट्टंफाट.

आता माझं ऐक. खुर्चीवर मी बसले, पण कुणाच्या नावानं? शाळाभर तुझा जयजयकार झाला. पाचवीच्या पोरी वह्या घेऊन माझी सही मागायला आल्या आणि मी तुझी सही केली. भाषण मी चार दिवस आत्याच्या स्वयंपाकघरात पाठ केलं, टाळ्या तुला. तू म्हणतेस मी तुझं वर्ष घेतलं. मग माझं वर्ष कुठंय? या शाळेत राजेश्री नावाची मुलगी रुमालात तोंड घालून बसते, तिचं शेवटचं वर्ष असंच चाललंय.

आणि हेव्याचं म्हणशील तर तो माझ्याकडे तुझ्या आधीपासून आहे. दहावीत मला तुझ्यापेक्षा जास्त पडले होते. लातूरला जायचं मी आधी म्हणाले होते. मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की निकितानं लातूरला जावं आणि राजेश्रीनं आत्याला सोबत करावी. मला सोबत म्हणून आणलंय, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

म्हणून मी गप्प बसणार नाही. रोज तुझ्या नावाला हजर म्हणेन. तू परत यावीस असं मला वाटत नाही. तू आलीस की आत्या आधी तुझ्या ताटात वाढणार आणि सत्यशीला बाकावर सरकून तुला जागा करणार. इथं माझ्या नावाचं काही नाही, निदान ताट तरी राहू दे.

रागावलीस तर रागाव.
राजेश्री

*

जिंतूर,
९ ऑक्टोबर

चि. निकिताला आईचे अनेक आशीर्वाद.

मला पत्राची सवय न्हाई, बोलते तसं लिवायलेय. रविवारच्या फोनवर एवढं बोलता येत न्हाई आणि तुझे बाबा बाजूला ऱ्हातात.

इकडं लय गोंधळ झाला. तालुक्याला भाषणाची स्पर्धा हाय, तिला पाठवायला दुधाटे सर तुझं नाव लिहायले होते. आपली राजी उठून उभी ऱ्हायली आन म्हणली, सर, निकिता लातूरला असती, मी राजेश्री. साऱ्या वर्गासमोर. सरांनी तुझ्या बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी येऊन लय तापले, पोरीला बोलू नये ते बोलले. ती दोन दिवस जेवली न्हाई. मी तिच्यासंग बसले तवा कुठं जेवली.

तू माझ्यावर रुसलीस म्हणं. मी सभेत हो का म्हणले ते सांगते. न्हाई म्हणले असते तर तिथंच तुझं नाव कटलं असतं. म्हणून तुझ्यासाठी हो म्हणले. तवा राजीचं तोंड एवढंसं झालं, ते मी बघितलं, तरी म्हणले. हात तिच्या पाठीवर ठेवला तो एवढ्यासाठीच की तिनं गप्प बसावं. तू त्यालाच माया समजून जळायलीस. मला भावाच्या लेकीचं वाईट वाटायलंय, तुझं न्हाई.

मुख्याध्यापक म्हणले, दिवाळीनंतर पोरीनं रोज शाळेत यावं, न्हाईतर दाखला न्यावा. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत दाखला आणला तर तिकडचं एक कॉलेज नाव घ्यायला तयार हाय. यायचं असलं तर ये, मी बाबांना समजावते. न्हाई आलीस तरी मला राग न्हाई. जेवत जा.

तुझी आई

*

लातूर,
१४ ऑक्टोबर

चि. राजूस,
अ.उ.आ.

आशीर्वाद परत देते आहे, गुपचूप घे.

आईचं पत्र आलं आणि मी पहिल्यांदा बॅग भरली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. सुकेशनी माझी उशी धरून बसली, तिला वाटलं मी लगेच निघाले. मग मी आईचं पत्र पुन्हा वाचलं. ज्या हातावरून मी महिनाभर जळले तो तुला गप्प बसवायचा हात होता. तू मला सभेचं लिहिलंस, पण तुला कसं वाटलं ते लिहिलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

हेवा गेला असं समजू नकोस. तो अजून आहे. म्हणूनच येत नाही. मी आले तर त्याच वर्गात तुझ्याकडे बघत बसेन, तुला किती टाळ्या पडल्या, सत्यशीला कुणाकडे बघून हसली, आईनं कुणाला आधी वाढलं. माझं वर्ष त्यातच जाईल आणि तुझंही मी नासवीन. ते मला चांगलं जमतं.

बाबांना सांगितलं, दाखला काढा. बोर्डाचे पेपरही आता इथंच. शाळेत मी पुन्हा बसणार नाही. पाचवीत आईचं बोट धरून मी त्या फाटकातून आत गेले, ते आठवून तासभर रडले. सुकेशनी बिचारी सूत्रं पाठ करायची थांबली.

स्पर्धेत तुझ्या नावानं बोल. निरोप समारंभात नारायणपेठी तूच नेस, आणि मला फोटो पाठवू नकोस. एवढं मोठं मन अजून झालेलं नाही.

सांभाळून राहा, आणि मला टाकू नकोस.
तुझी निकिता

*

जिंतूर,
११ नोव्हेंबर

ति. निकिताताईस,
शि.सा.न.वि.वि.

दिवाळीत तू दाखला न्यायला आलीस, तेव्हा घरात पाहुणे आणि आपल्या दोघींच्या मनात अढी, त्यामुळं नीट बोलणं झालं नाही. तू बसमध्ये चढताना मी शेव-चिवड्याचा डबा दिला तोही आत्यानं सांगितलं म्हणून. आता मनानं लिहिते.

तालुक्याला माझा दुसरा नंबर आला. माईकवर माझं पूर्ण नाव घेतलं, बाबा चुडाव्याहून आले होते, त्यांनी ते ऐकलं. दुधाटे सर आता मला राजेश्री म्हणतात, अधूनमधून चुकतात आणि स्वतःच हसतात. तुझे बाबाही बोलायला लागलेत. मला हवं होतं ते सगळं झालं. तुझं नाव गेलं की हलकं वाटेल असं मला वाटत होतं, हेही सांगून टाकते.

काल सुट्टीनंतर शाळा उघडली. सरांनी हजेरी घेतली. दिवाळीच्या आधी तुझं नाव आलं की ते गैरहजेरी मांडायचे आणि मी मान खाली घालायचे, पण नाव तरी यायचं. काल मी तुझ्या नावाची वाट बघत बसले. ते आलं की मग आपलं नाव ऐकायला तयार व्हायचं, अशी कानाला सवय झालीय. नावं होत गेली, मी आपली थांबलेली. सत्यशीलानं कोपर मारलं तोवर सरांनी हजेरी मिटली होती. माझं नाव येऊन गेलं होतं.

मी उभी राहून म्हणाले, सर, मी आहे. सर म्हणाले, पुकारलं तेव्हा तू नव्हतीस, आता उद्या. वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, ताई. काल आपण दोघीही गैरहजर होतो.

राग ठेवू नकोस, हेवा ठेवलास तर चालेल.
तुझीच,
राजेश्री